मुंबईतला राजाचा न्यायाधीश, रेकॉर्डरपासून चीफ जस्टिसपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्टातल्या वारसा-फेरीला येणारे, कायद्याचे विद्यार्थी आणि घरच्या जुन्या पेटीत इंग्रजी कोर्टाचा कागद सापडलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी प्राथमिक शंकांपासून आहे, अवघड अपवाद शेवटाकडे आहेत. एका उत्तरातली माहिती दुसरीकडे लागत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंग्रजांच्या राज्यातला प्रत्येक जज राजाचाच माणूस ना? मग "राजाचा न्यायाधीश" असं वेगळं कशाला म्हणायचं?

नाही, आणि बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. १८५८ पर्यंत मुंबई इलाख्यावर राज्य ईस्ट इंडिया कंपनीचं होतं. ठाणे, पुणे, सुरत इथल्या अदालतींतले जज कंपनीचे नोकर होते. आज कलेक्टर असलेला साहेब उद्या जज व्हायचा. त्याच वेळी मुंबई शहरात एक वेगळं कोर्ट होतं. त्याचा न्यायाधीश विलायतेच्या राजाच्या सनदेने थेट नेमला जाई, तो बॅरिस्टर असे, आणि मुंबईच्या गव्हर्नराला तो वरिष्ठ मानत नसे. लोक त्याला "किंग्ज कोर्ट" म्हणत. गव्हर्नर कंपनीचा, न्यायाधीश राजाचा, या एका फरकात मुंबईच्या न्यायव्यवस्थेचा सगळा स्वभाव आहे. हा फरक ध्यानात असला की खालची निम्मी उत्तरं आपोआप उलगडतात.

२. मुंबईत असा न्यायाधीश कधी आला?

मुंबई १६६१ च्या विवाह-तहात पोर्तुगालकडून दुसऱ्या चार्ल्स राजाकडे आली. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिली. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने १६७२ मध्ये कोर्ट उघडलं, पण त्यातला न्यायाधीश कंपनीच्याच चाकरीतला होता. १७२६ च्या राजसनदेने मेयर्स कोर्ट आलं आणि १७२८ मध्ये त्याचं काम सुरू झालं. सनद राजाची असली तरी मेयर आणि ऑल्डरमन (नगरमंडळाचे सभासद) होते व्यापारी. कायदा शिकलेला, राजाने नेमलेला न्यायाधीश मुंबईला मिळाला तो १७९८ मध्ये, रेकॉर्डरच्या रूपाने. १८२३ च्या सनदेने रेकॉर्डरच्या जागी सुप्रीम कोर्ट आलं, ते ८ मे १८२४ ला सुरू झालं. १४ ऑगस्ट १८६२ ला त्याची जागा हायकोर्टाने घेतली.

३. रेकॉर्डर म्हणजे कोर्टाचं दफ्तर सांभाळणारा का?

नाव तसं वाटतं, काम तसं नाही. इंग्लंडमधल्या शहरांत मुख्य कायदेपंडित-न्यायाधीशाला रेकॉर्डर म्हणायची जुनी पद्धत होती, तीच इथे आली. मुंबईच्या रेकॉर्डर्स कोर्टात मेयर, तीन ऑल्डरमन आणि रेकॉर्डर असे बसत. कायदा शिकलेला त्यांत एकटा रेकॉर्डरच. निदान पाच वर्षं बॅरिस्टर असल्याशिवाय ती नेमणूक होत नसे. पहिला रेकॉर्डर सर विल्यम सायर. सगळ्यांत नावाजलेला सर जेम्स मॅकिन्टॉश, १८०४ ते १८११. आजची एशियाटिक सोसायटी ही त्यानेच २६ नोव्हेंबर १८०४ ला सुरू केलेली लिटररी सोसायटी. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर निवांत बसणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं की या संस्थेचा जन्म एका न्यायाधीशाच्या पुढाकाराने झाला.

४. जुन्या कागदांत "मुंबईचं सुप्रीम कोर्ट" लिहिलंय. सुप्रीम कोर्ट तर दिल्लीत ना?

दोन्ही खरी, एकमेकांशी संबंध नाही. दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय १९५० चं. १८२४ ते १८६२ या काळात मुंबईच्या किंग्ज कोर्टाचं अधिकृत नाव "सुप्रीम कोर्ट ऑफ ज्युडिकेचर ॲट बॉम्बे" असं होतं. त्यात एक चीफ जस्टिस आणि दोन दुय्यम न्यायाधीश होते. या दुय्यम पदाचा इंग्रजी शब्द लिहिताना "पुइस्ने" असा दिसतो, उच्चार मात्र "प्यूनी" असा करायचा. शेवटचा रेकॉर्डर सर एडवर्ड वेस्ट हाच पहिला चीफ जस्टिस झाला. जमिनीच्या खंडाचा सिद्धांत मांडणारा अर्थशास्त्रज्ञ म्हणूनही तो प्रसिद्ध आहे.

त्याच काळात मुंबईत "सदर दिवाणी अदालत" आणि "सदर फौजदारी अदालत" ही होती. ती कंपनीची सर्वांत वरची अपिलाची कोर्टं, आणि मुफसलातली, म्हणजे मुंबई शहराबाहेरच्या जिल्ह्यांतली, अपिलं तिथे येत. सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत एकच समजून वंशावळीचे आणि जमिनीचे निष्कर्ष काढणारे लेख पुष्कळ दिसतात. तिथेच सगळं फसतं.

५. त्याला नेमायचं कोण, पगार कोण द्यायचं आणि काढायचं कोण?

नेमणूक राजाची, सनदेने. पगार मात्र कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या महसुलातून. काढायचं असेल तर तेही राजानेच. गव्हर्नर त्याची बदली करू शकत नव्हता, त्याला निलंबित करू शकत नव्हता, त्याच्याकडून खुलासाही मागू शकत नव्हता.

मात्र एक कमकुवत जागा होती, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. इंग्लंडमध्ये १७०१ च्या कायद्यापासून न्यायाधीश "वर्तन चांगलं असेपर्यंत" पदावर राहत. हिंदुस्थानातले न्यायाधीश "राजाची मर्जी असेपर्यंत". म्हणजे गव्हर्नरापासून ते सुरक्षित होते, पण लंडनच्या मंत्रिमंडळापासून नव्हते. हायकोर्टाच्या न्यायाधीशांनाही १८६१ च्या कायद्याने हीच "राणीची मर्जी" लागू होती. निवृत्तीचं ६० हे वय आणि गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध झाल्याशिवाय काढता न येण्याची हमी आली ती १९३५ च्या कायद्याने.

६. त्याचा हुकूम कुठपर्यंत चालायचा?

मुंबई बेटापुरता. माहीम आत, खाडीपलीकडचं वांद्रे बाहेर. साष्टी १७७४ पासून इंग्रजांकडे असली तरी तिथला दावा कंपनीच्या ठाण्याच्या अदालतीत चाले. बेटाबाहेर राजाच्या कोर्टाचा हात पोहोचायचा तो मुख्यतः इलाख्यात कुठेही राहणाऱ्या विलायती माणसांपर्यंत.

काही गोष्टी बेटाच्या आतही निषिद्ध होत्या. महसूल वसुलीच्या बाबतीत दावा ऐकायची मनाई होती. ही मनाई हायकोर्टाच्या मूळ अधिकारावरही पुढे चालू राहिली, आणि उठली ती थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२५ च्या परंतुकाने. गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलचे सदस्य यांना अटक करता येत नसे.

एक अधिकार मात्र फार मोठा होता आणि तो सहसा सांगितला जात नाही. मुंबई शहरासाठी सरकारने केलेला नियम सुप्रीम कोर्टात नोंदला गेल्याशिवाय लागू होत नसे. १८२६ मध्ये छापखान्यांना परवाना सक्तीचा करणारा नियम आला तेव्हा न्यायाधीशांनी तो नोंदवायला नकार दिला, आणि मुंबईत तो नियम लागू झालाच नाही. मराठी वृत्तपत्रं जन्माला यायच्या थोडं आधीची ही गोष्ट आहे. मुंबईतल्या पत्रकारितेने या नकाराची आठवण ठेवायला हवी.

७. हिंदू किंवा मुसलमान पक्षकाराचा दावा इंग्रजी कायद्याने चालवत का?

वारसा आणि करार यांबाबत नाही. दोन्ही पक्ष हिंदू असतील तर हिंदू कायदा आणि रूढी, मुसलमान असतील तर त्यांचा कायदा, आणि पक्षकार वेगवेगळ्या धर्मांचे असतील तर प्रतिवादीचा कायदा. फौजदारीत आणि कोर्टाच्या कार्यपद्धतीत मात्र इंग्रजी कायदा. शास्त्रार्थ सांगायला शास्त्री आणि मौलवी कोर्टाच्या चाकरीत असत. ती पदं १८६४ मध्ये रद्द झाली.

यातली अडचण अशी की ग्रंथात एक आणि जमातीत दुसरं, असं नेहमी असायचं. १८४७ मध्ये सर अर्स्किन पेरी याच्यापुढे खोजा आणि मेमन मुलींच्या वारशाचे खटले आले. कुराणाप्रमाणे मुलीला हिस्सा, जमातीच्या वहिवाटीप्रमाणे नाही. पेरीने वहिवाट मान्य केली आणि मुली हरल्या. "रूढी सिद्ध झाली तर ती ग्रंथावर मात करते" हे तत्त्व पुढे मुंबईच्या निवाड्यांत खोल रुजलं, आणि त्याची किंमत अनेकदा बायकांनी मोजली.

८. १८२९ मध्ये न्यायाधीशाने कोर्टालाच कुलूप लावलं, हे खरं का?

खरं आहे. राजाचा न्यायाधीश आणि कंपनीचा गव्हर्नर यांच्यातली तेढ त्याआधीपासूनच होती. वेस्टने शहरातल्या पोलिसांच्या बेकायदा फटक्यांच्या शिक्षांवर कोरडे ओढले होते, छापखान्यांचा नियम अडवला होता (प्रश्न ६). नोव्हेंबर १८२७ मध्ये सर जॉन माल्कम गव्हर्नर झाला. १८२८ मध्ये ठिणगी पडली ती पुण्यातल्या एका मुलावरून.

मोरो रघुनाथ हा सुमारे चौदा वर्षांचा मुलगा पुण्यात त्याच्या नात्यातले पालक पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यात होता. पेशवाई जाऊन दहाच वर्षं झाली होती. पांडुरंग रामचंद्र हे पेशव्यांच्या नात्यातले, सरकारने खास मान राखलेले सरदार. मुलाला डांबून ठेवलंय, त्याच्या जिवाला धोका आहे, असा अर्ज मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आला. कोर्टाने हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला: मुलाला आमच्यापुढे हजर करा. याच सुमारास ठाण्याच्या तुरुंगात कंपनीच्या अदालतीच्या शिक्षेवरून असलेल्या एका कैद्याबाबतही असाच हुकूम निघाला होता.

सरकार हादरलं. दख्खनच्या सरदारांना "तुमचा मान राखू" असा शब्द दिलेला, आणि आता त्यांना मुंबईचा शिपाई कोर्टात ओढणार! ३ ऑक्टोबर १८२८ ला गव्हर्नर आणि कौन्सिलने न्यायाधीशांना पत्र लिहिलं. मुफसलातल्या रहिवाशांविरुद्ध असे हुकूम काढू नका, काढलेत तर अंमलबजावणीला आमची मदत नाही, असा त्याचा आशय होता. न्यायाधीशांच्या दृष्टीने हा थेट अपमान होता. चालू प्रकरणात सरकारने कोर्टाला खाजगीत पत्र लिहायचं नसतं. म्हणणं असेल तर वकील पाठवावा, भर कोर्टात मांडावं. त्यांनी ते पत्र कोर्टात उघड केलं आणि असं पत्र आम्हाला स्वीकारता येत नाही असं कळवलं.

दैवाने मात्र न्यायाधीशांची साथ दिली नाही. वेस्ट ऑगस्ट १८२८ मध्येच वारला होता, आणि १३ ऑक्टोबरला सर चार्ल्स चेंबर्सही गेला. तिघांचं कोर्ट एकट्या सर जॉन पीटर ग्रँटवर आलं. त्याने माघार घेतली नाही, पुढचे हुकूम काढले, सरकारने ते बजावू दिले नाहीत. ज्या कोर्टाचा हुकूम पाळला जात नाही ते उघडं ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून १ एप्रिल १८२९ ला ग्रँटने कोर्टाचं काम बंद केलं आणि दाद राजाकडे मागितली.

निकाल मे १८२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या राजाच्या शेवटच्या अपिलाच्या न्यायपीठाने दिला, तो ग्रँटच्या विरुद्ध. बेटाच्या हद्दीबाहेर राहणारा आणि अन्यथा या कोर्टाच्या अधिकाराखाली न येणारा माणूस असेल, तर त्याच्यावर हेबिअस कॉर्पस काढता येणार नाही, आणि कंपनीच्या अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्यावर तर नाहीच. दरम्यान मुंबईचा ॲडव्होकेट जनरल जेम्स ड्यूअर हाच चीफ जस्टिस नेमला गेला. ज्याने सरकारची बाजू सांभाळायची तोच ग्रँटच्या डोक्यावर बसला. लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड एलेनबरोने माल्कमला लिहिलं की आता ग्रँटची अवस्था दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये बांधलेल्या रानहत्तीसारखी होईल. ग्रँट पुढे कलकत्त्याला गेला.

९. म्हणजे न्यायाधीशांचंच चुकलं होतं का?

हद्दीच्या मुद्द्यावर प्रिव्ही कौन्सिलने तसं ठरवलं, आणि सनदेचा मजकूर वाचला तर ते वाचन टिकण्याजोगं आहे. न्यायाधीशांचा युक्तिवाद असा होता की सनदेने आम्हाला लंडनच्या किंग्ज बेंच या वरिष्ठ कोर्टाचे अधिकार दिले, म्हणून राजाचा प्रजाजन जिथे कोंडलेला असेल तिथे आमचा हुकूम जातो. सनदेतल्या मर्यादा पाहता तो जरा ताणलेला होता.

पण कोर्टाला खाजगी पत्र लिहिण्याच्या बाबतीत सरकारचंच चुकलं होतं, आणि हा मुद्दा हद्दीच्या निकालाखाली गाडला जाऊ नये. परीक्षेत हे दोन मुद्दे वेगळे मांडले नाहीत तर उत्तर अर्धवट राहतं. पुण्यातल्या डांबलेल्या मुलासाठी मुंबईच्या हायकोर्टात जाण्याची वाट आता अनुच्छेद २२६ ने मोकळी केली आहे.

१०. १८६२ मध्ये नेमकं काय बदललं?

१८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपलं आणि राजाची आणि कंपनीची अशा कोर्टांच्या दोन रांगांची गरजच उरली नाही. १८६१ च्या इंडियन हायकोर्ट्स ॲक्टने सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती एकत्र केल्या. २६ जून १८६२ च्या लेटर्स पेटंटने (राणीच्या सनदेने) मुंबई हायकोर्ट अस्तित्वात आलं. पहिला चीफ जस्टिस सर मॅथ्यू सॉस, जो शेवटच्या दिवसांत सुप्रीम कोर्टाचाही चीफ जस्टिस होता. करसनदास मुळजींचा गाजलेला महाराज बदनामी खटला १८६२ च्या एप्रिलमध्ये त्याने आणि सर जोसेफ आर्नोल्डने निकाली काढला, तो सुप्रीम कोर्टात. तो "हायकोर्टातला खटला" म्हणून सांगितला जातो, ते चूक.

जुनी फट मात्र एकाच छपराखाली राहिली. सुप्रीम कोर्टाचं काम झालं "ओरिजिनल साइड", सदर अदालतीचं झालं "अपिलेट साइड". आजही वकील मंडळी "ओ.एस." आणि "ए.एस." म्हणतात, दोन्हींचे नियम वेगळे आहेत, आणि ओरिजिनल साइडचा मुख्य प्रशासकीय अधिकारी अजून "प्रोथोनोटरी आणि सीनियर मास्टर" म्हणवतो.

११. पहिला भारतीय न्यायाधीश कोण? आणि रानडे मुख्य न्यायमूर्ती का झाले नाहीत?

कायम नेमणूक झालेले पहिले नानाभाई हरिदास, १८८४ मध्ये. त्याआधी त्यांनी हंगामी काम केलं होतं. पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ मध्ये आले. १८९३ मध्ये तेलंग वारल्यावर त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे, आणि १९०१ मध्ये रानड्यांच्या जागी नारायण चंदावरकर. बद्रुद्दीन तय्यबजी १८९५ मध्ये आले.

रानड्यांच्या प्रश्नाचं उत्तर १८६१ च्या कायद्यात आहे. निदान एक तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर हवेत आणि चीफ जस्टिस त्यांतलाच हवा, एक तृतीयांश सनदी नोकर हवेत, उरलेल्या जागा स्थानिक वकील आणि खालच्या न्यायाधीशांतून. रानडे एलएल.बी., खालच्या न्यायखात्यातून वर आलेले. विलायतेचे बॅरिस्टर नसल्याने कायम चीफ जस्टिसपद त्यांना कायद्यानेच बंद होतं. रानड्यांच्या तोलाचा माणूस एका अटीमुळे दाराबाहेर राहिला, हे वाचताना आजही चीड येते. हंगामी चीफ जस्टिसला ही अट नव्हती. म्हणूनच बॅरिस्टर नसलेल्या चंदावरकरांना हंगामी काम पाहता आलं. त्या खुर्चीत हंगामी म्हणून बसलेले पहिले भारतीय तय्यबजी, १९०२ मध्ये. कायम असे पहिले एम. सी. छागला, १९४७ मध्ये.

१२. खटला राणीच्या नावाने, न्यायाधीश राणीचा. मग टिळकांना न्याय मिळणार कसा होता?

टिळकांवरची राजद्रोहाच्या आरोपाची तिन्ही प्रकरणं, १८९७, १९०८ आणि १९१६ ची, एकत्र पाहावी लागतात. १८९७ मध्ये टिळकांना जामीन दिला तो न्या. तय्यबजींनी, आणि त्या अर्जात टिळकांचे वकील होते दिनशा दावर. खटला चालला न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे. त्यांनी राजद्रोहाच्या कलमातल्या "डिसअफेक्शन" या शब्दाचा अर्थ "प्रीतीचा अभाव" इतका सैल केला की त्यातून कोणीच सुटू नये. ज्युरीत सहा युरोपियन, तीन भारतीय. कौल सहा विरुद्ध तीन. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी.

१९०८ मध्ये न्यायाधीश होते तेच दावर. ज्युरी सात युरोपियन, दोन पारशी, कौल सात विरुद्ध दोन. २२ जुलैला सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड. १९१६ मध्ये मात्र मॅजिस्ट्रेटने मागितलेला चांगल्या वर्तणुकीचा जामीन न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी रद्द केला. तेव्हा टिळकांच्या बाजूने उभे होते महंमद अली जिना.

म्हणजे पद तेच आणि शपथ तीच असूनही निकाल उलटे लागले. खरा दोष ज्युरीच्या रचनेत आणि राजद्रोहाच्या कलमाच्या अर्थात होता. न्यायाधीश राजाचा होता एवढ्यावरून निकाल आधीच ठरलेला होता असं म्हणणं १९१६ पुढे टिकत नाही. आणि १९०८ बद्दल हळहळ वाटू नये असंही कोणी म्हणू नये.

१३. राणी व्हिक्टोरियाने रखमाबाईंचा निकाल फिरवला, हे खरं आहे ना?

हा प्रश्न दर महिन्याला येतो. प्रकरणाचा शेवट झाला तो तडजोडीने. क्रम असा: १८८५ मध्ये रखमाबाईंनी नांदायला यावं म्हणून त्यांचे पती दादाजी यांनी लावलेला दावा न्या. पिन्हे यांनी फेटाळला. १८८६ मध्ये चीफ जस्टिस सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांनी अपिलात तो निकाल फिरवला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. न्यायाधीश राणीच्या नावाने न्याय देत असला तरी एका पत्राने निकाल बदलायचा मार्ग राणीला नव्हता. मार्ग एकच, प्रिव्ही कौन्सिलकडे अपील (प्रश्न १६).

१४. घरी इंग्रजी कोर्टाचा जुना कागद सापडलाय. तो कुठल्या कोर्टाचा आणि किती सालचा, कसं ओळखायचं?

आधी मथळा वाचा. "रेकॉर्डर" असेल तर १७९८ ते १८२४. "सुप्रीम कोर्ट ऑफ ज्युडिकेचर" असेल तर १८२४ ते १८६२, आणि प्रकरण बहुधा मुंबई बेटातलं. "सदर अदालत" असेल तर कंपनीचं कोर्ट आणि मूळ दावा मुफसलातला. "हायकोर्ट ऑफ ज्युडिकेचर" असेल तर १८६२ नंतरचा.

साल आकड्यात नसेल तर राजाच्या कारकिर्दीचं वर्ष दिलेलं असतं, आणि इथे हमखास चूक होते. हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, राजा गादीवर आला त्या तारखेला होतं. चौथा जॉर्ज २९ जानेवारी १८२०, चौथा विल्यम २६ जून १८३०, व्हिक्टोरिया २० जून १८३७, सातवा एडवर्ड २२ जानेवारी १९०१, पाचवा जॉर्ज ६ मे १९१०. समजा कागदावर "व्हिक्टोरियाच्या राज्याचं सातवं वर्ष, मार्च" असं आहे. पहिलं वर्ष २० जून १८३७ पासून, म्हणून सातवं २० जून १८४३ ते १९ जून १८४४. मार्च त्यात १८४४ चा पडतो. नुसते १८३७ मध्ये ७ मिळवले तर इथे योगायोगाने बरोबर येतं, पण महिना नोव्हेंबर असता तर साल १८४३ निघालं असतं.

कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सपाट ठेवा, फोटो काढून ठेवा. लाखेचा शिक्का असेल तर कागदाची घडी घालू नका.

१५. जुन्या निवाड्यांच्या नावात "रेग.", "क्वीन-एम्प्रेस", "एम्परर" असं का असतं?

फौजदारी खटल्यात फिर्यादी राजा किंवा राणी. "रेग." म्हणजे राणी या अर्थाच्या लॅटिन शब्दाचं संक्षिप्त रूप. १८७६ च्या कायद्याने व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी घेतली, तेव्हापासून "एम्प्रेस" आणि "क्वीन-एम्प्रेस". १९०१ नंतर "एम्परर". टिळकांचा १८९७ चा खटला "क्वीन-एम्प्रेस विरुद्ध" आणि १९०८ चा "एम्परर विरुद्ध" या नावाखाली शोधा, म्हणजे सापडेल. १८७६ पासूनचे निवाडे "इंडियन लॉ रिपोर्ट्स"च्या मुंबई मालिकेत, आणि १८९९ पासून "बॉम्बे लॉ रिपोर्टर"मध्येही.

१६. या न्यायाधीशाच्या निकालावर अपील कुठे?

लंडनला, प्रिव्ही कौन्सिलकडे. १८३८ च्या राजाज्ञेपासून नियम असा: दाव्याची किंमत निदान १०,००० रुपये हवी आणि अर्ज निकालापासून सहा महिन्यांत. त्या काळात १०,००० म्हणजे शेठ-सावकारांचाच रस्ता. कागद भाषांतर करून, छापून, बोटीने पाठवावे लागत. त्यामुळे बहुतेकांसाठी मुंबईचा निकाल हाच शेवटचा.

१७. १५ ऑगस्ट १९४७ ला न्यायाधीश राजाचे राहिले नाहीत ना?

नाव उरलं, सत्ता गेली. २६ जानेवारी १९५० पर्यंत भारत डोमिनियन होता आणि सहावा जॉर्ज त्याचा राजा. म्हणजे छागला १५ ऑगस्ट १९४७ ला चीफ जस्टिस झाले तेव्हा कायद्याच्या भाषेत ते एका राजसत्तेचेच न्यायाधीश. प्रिव्ही कौन्सिलची अपिलं टप्प्याटप्प्याने तुटली. १ फेब्रुवारी १९४८ पासून दिवाणी अपिलं फेडरल कोर्टाकडे वळली आणि १० ऑक्टोबर १९४९ ला उरलेलं नातं संपलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७६ ने पदावरचे न्यायाधीश तसेच पुढे चालू राहिले.

१८. हे सगळं आज मुंबईत कुठे पाहायला मिळेल?

रेकॉर्डर्स कोर्ट आणि सुप्रीम कोर्ट ज्या इमारतीत भरायचं ती, म्हणजे आजची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग, शहीद भगतसिंग मार्गावर लायन गेटसमोर आहे. हायकोर्टही सुरुवातीला तिथेच होतं. ओव्हल मैदानालगतची आजची इमारत एप्रिल १८७१ ते नोव्हेंबर १८७८ मध्ये बांधली, वास्तुकार कर्नल फुलर. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट, मधला मनोरा १७५ फूट. माथ्यावर न्याय आणि करुणा यांचे पुतळे आहेत. आतल्या खांबांवरच्या कोरीवकामात एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, हातात वाकडा तराजू धरलेलं माकड आहे. त्यामागे कंत्राटदाराच्या रागाची गोष्ट सांगितली जाते, ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. माकड मात्र खरं आहे, आणि तराजूचं खाली गेलेलं पारडं स्पष्ट दिसतं.

टिळकांचा १९०८ चा खटला चालला ते दालन क्रमांक ४६. त्यांचे उद्गार कोरलेली पाटी १९५६ मध्ये छागलांच्या हस्ते लागली. कोर्ट चालू असतं, म्हणून सुरक्षा-तपासणी होते, फोटोला मनाई असते, आणि आवाज न करता मागे उभं राहायचं असतं.

१९. न्यायमूर्तींना अजून "माय लॉर्ड" म्हणावं लागतं का?

सक्ती नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्ये उच्च न्यायालयासाठी "युवर ऑनर" किंवा "ऑनरेबल कोर्ट" हे संबोधन सुचवलं. सवय मात्र टिकून आहे.

२०. राणीने दिलेलं लेटर्स पेटंट आज रद्द झालं असेल ना? मग "लेटर्स पेटंट अपील" म्हणजे काय?

रद्द झालेलं नाही. १८६२ च्या पहिल्या लेटर्स पेटंटच्या जागी २८ डिसेंबर १८६५ चं आलं, आणि अनुच्छेद २२५ ने ते अधिकार राखले. रोजच्या कामात दोन कलमं लागतात.

कलम १२ मुंबईच्या ओरिजिनल साइडवर दावा कधी लावता येतो ते सांगतं. स्थावर मालमत्तेचा दावा असेल तर मालमत्ता हद्दीत हवी. इतर दाव्यांत दाव्याचं कारण पूर्णपणे हद्दीत घडलं असेल, किंवा प्रतिवादी हद्दीत राहत वा धंदा करत असेल, तर सरळ दावा लावता येतो. कारणाचा काही भागच हद्दीत घडला असेल तर आधी कोर्टाची परवानगी लागते. ही परवानगी दावा दाखल व्हायच्या आधीच घ्यायची असते, नंतर घेऊन दोष भरून निघत नाही. नवे वकील इथेच अडकतात. हद्द मूळची बेटाची (प्रश्न ६), पुढे बृहन्मुंबईच्या कायद्यांनी ती उपनगरांपर्यंत गेली.

कलम १५ ने एकल न्यायमूर्तींच्या निकालावर त्याच हायकोर्टाच्या खंडपीठाकडे अपील करता येतं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १००-अ ने २००२ पासून यातला मोठा भाग बंद केला. एकल न्यायमूर्तींनी खालच्या कोर्टाच्या निकालावरचं अपील ऐकून निर्णय दिला असेल, तर त्यावर लेटर्स पेटंट अपील नाही. त्यांनी ओरिजिनल साइडवर मूळ दाव्याचा निकाल दिला असेल तर अपील आहे. आपलं प्रकरण कुठल्या रांगेतलं ते ओळखायला केस नंबरच्या आधीचं अक्षर पाहा. दाव्याचं असेल तर रस्ता खुला, खालून आलेल्या अपिलाचं असेल तर पुढची पायरी थेट दिल्ली.